ओल्या लाकडाचा इतिहास : मुंबईची गोदी, रेल्वेचे स्लीपर आणि डेहराडूनची प्रयोगशाळा

१/
इ.स. १८१०. नेपोलियनविरुद्धचे युद्ध ऐन भरात होते. इंग्लंडमधील डेप्टफर्डच्या गोदीतून 'क्वीन शार्लट' ही १०४ तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली. ओक लाकडाची, प्रथम श्रेणीची, आरमाराची शान. शत्रूची एकही गोळी न लागता ती कुजू लागली. कामगिरीवर निघण्यापूर्वीच तिच्या फळ्या आणि तुळया काढून मोठी दुरुस्ती करावी लागली. युद्धाच्या घाईत ओले लाकूड वापरले गेले होते, आणि त्या ओलीवर बुरशी पोसली गेली.

२/
त्याच १८१० साली मुंबईच्या गोदीतून 'मिंडेन' ही ७४ तोफांची नौका उतरली. बांधणारे होते जमशेदजी बोमनजी वाडिया. ब्रिटिश शाही आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधलेली ही पहिली मोठी युद्धनौका मानली जाते. लाकूड होते साग. ती मोडीत निघाली १८६१ साली, म्हणजे अर्ध्या शतकानंतर.

साग आणि ओक यांच्या जातीतला फरक येथे आहेच. सगळे श्रेय सुकवणीला देणे बरोबर होणार नाही. परंतु या दोन नौकांमधील अंतर समजून घ्यायचे, तर लाकडातील पाण्याकडे पाहावे लागते. आणि त्या पाण्याचा माग काढत गेले, की वाट पुढे रेल्वेच्या रुळांपर्यंत, वनकायद्यांपर्यंत आणि एका विस्मृतीत गेलेल्या भारतीय शास्त्रज्ञापर्यंत जाते.

३/
प्रथम लाकूड म्हणजे काय ते पाहू. असंख्य बारीक नळ्यांची एक जुडी डोळ्यांसमोर आणावी. ताज्या तोडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते : नळ्यांच्या पोकळीत मोकळे, आणि नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरलेले. लाकूड सुकू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. वजन घटते, पण आकार तसाच राहतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के एवढेच पाणी उरले, की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती मात्र अजून तृप्त असतात. येथून पुढे जाणारा प्रत्येक थेंब भिंतीतला असतो. भिंत आक्रसते, आणि तिच्याबरोबर लाकूडही.

हवा दमट झाली की हाच प्रवास उलटा होतो. भिंती पाणी ओढतात आणि लाकूड फुगते. झाड मरून शंभर वर्षे झाली तरी हे थांबत नाही.

४/
आक्रसणे सर्व दिशांना सारखे असते तर सुतारकाम पुष्कळ सोपे झाले असते. लांबीच्या दिशेने लाकूड जवळपास हलतच नाही. घट सहसा ०.१ ते ०.२ टक्के. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते बरेच आक्रसते, आणि वर्षवलयांच्या कडेने सर्वांत अधिक, बहुधा त्याच्या दुप्पट. अखंड ओंडका सुकताना उभा तडकतो तो यामुळेच. घेर आवळू पाहतो, त्रिज्या तेवढी घटत नाही, आणि मधला ताण फटीवाटे बाहेर पडतो. चौकोनी कापलेली ओली तुळई सुकल्यावर किंचित तिरकी होते, फळी पन्हळीसारखी वाकते, कारण हेच.

५/
आता आकडे. हिरव्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वलयांच्या कडेने ५ ते ६ टक्के आक्रसतो. ब्रह्मदेश आणि अंदमानातील गर्जनाचे लाकूड १० ते ११ टक्के. एक फूट रुंदीची ओली फळी घरात वापरण्याजोगी सुकवली, तर सागाची सुमारे एक सेंटिमीटरने अरुंद होईल आणि गर्जनाची जवळपास दोन सेंटिमीटरने. शे-दोनशे फळ्यांच्या जहाजात हा फरक म्हणजे तरंगणे आणि बुडणे यांतला फरक.

सागाचे दुसरे गुण प्रसिद्ध आहेत. त्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या गाभ्यापासून दूर राहतात. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते, साग खात नाही. तरीही जहाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी थोरवी हीच, की तो कमी हलतो.

६/
परंतु साग सुकवायचा कसा? येथे एक जुनी आणि थोडी क्रूर वाटणारी युक्ती होती. ब्रह्मदेशाच्या जंगलांत उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि त्याखालचे कोवळे लाकूड पार कापून गाभ्यापर्यंत कडे कोरत. मुळांकडून वर जाणारे पाणी बंद होई आणि झाड जागच्या जागी मरे. मग दोन-तीन वर्षे ते तसेच उभे सोडत. ऊन-वारा लागून ते उभ्यानेच सुकत राही. ताजा साग पाण्यात बुडतो, आणि हत्तींनी ओढून नदीत लोटलेला ओंडका बुडून चालत नसे. म्हणून हे उभ्याने मारणे वाहतुकीसाठी आवश्यक होते. सुकवण आपोआप साधली जाई. इतकी संथ सुकवण, की तडे कमीत कमी.

पुढे डिट्रिख ब्रांडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८५६ पासून पेगूच्या जंगलात नोकरी करताना कोणती झाडे आणि वर्षाला किती मारायची याचा हिशेब बसवला. पाठ्यपुस्तकांत भारतातील 'शास्त्रीय वनव्यवस्थेचा' आरंभ येथून सांगतात. ती कडे कोरण्याची विद्या मात्र साहेब येण्यापूर्वीपासूनची होती.

७/
मुंबईच्या गोदीतही अशी पिढीजात विद्या होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. १७५० मध्ये येथे कोरडी गोदी सुरू झाली. सुरतेकडचे कारागीर फळ्या एकमेकींना नुसत्या टेकवून ठेवत नसत. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ काढत, मधे कापूस आणि राळ भरत. फळी थोडी आक्रसली तरी सांधा उघडा पडत नाही, आणि फुगली की अधिकच घट्ट बसतो. तळाला चुना आणि तेल यांचे मिश्रण थापत. लाकडाला हलायचे आहे हे गृहीत धरून केलेली ही बांधणी होती. तिच्यात लाकडाचा गुणधर्म जितका जाणला आहे, तितका तो त्या काळच्या अनेक यंत्रशास्त्राच्या ग्रंथांतही नव्हता.

८/
१८१७ साली याच गोदीतून 'ट्रिंकोमाली' उतरली. तिचे आराखडे प्रथम 'जावा' या जहाजातून निघाले होते. १८१२ च्या अखेरीस अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज जिंकले आणि आराखडे गेले. पुन्हा नवे पाठवावे लागले. एवढ्या विलंबानंतर तयार झालेली ती सागवानी नौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे, आणि तिच्यातील मूळ सागाचा मोठा भाग शाबूत आहे.

९/
येथे मराठी वाचकाला 'आज्ञापत्र' आठवणे साहजिक आहे. समाजमाध्यमांवर शिवछत्रपतींचे म्हणून फिरणारे वृक्षतोडीविषयीचे वचन मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथातले, साधारण १७१५ च्या सुमाराचे; त्यामागे शिवकालीन धोरणाची परंपरा असावी, हे वेगळे. आरमारासाठी साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. फार जीर्ण झालेले झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय. लाकूड कोणाच्या अंगणातून येते हा प्रश्न त्यात विचारलेला आहे. पुढच्या शतकात तो विचारणारे सरकार राहिले नाही.

१०/
१८०६ मध्ये कंपनीने मलबारात वनसंरक्षक म्हणून कॅप्टन वॉटसनची नेमणूक केली. उद्देश स्पष्ट होता : मुंबईच्या गोदीला साग कमी पडू नये. त्याने खासगी जमिनींवरच्या सागावरही मक्तेदारी बसवली. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये ती व्यवस्था बंद करावी लागली. १८४० च्या दशकात डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील सागाची जंगले कंपनीने पट्ट्याने घेतली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले डॉ. अलेक्झांडर गिब्सन, पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. जंगल संपते आहे हे त्यांना दिसत होते. मग रेल्वे आली.

११/
१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. हा दिवस सर्वांना पाठ असतो. रुळांखाली काय होते हे मात्र कोणी विचारत नाही.

एका मैलाच्या रुळांना सुमारे १,८०० ते २,००० स्लीपर लागतात. १९०० च्या सुमारास भारतात जवळपास २४ ते २५ हजार मैल लोहमार्ग होता. सगळा लाकडी धरला तर चार कोटींहून अधिक स्लीपर एकाच वेळी जमिनीवर. काही मार्गांवर बिडाचे स्लीपर होते, तेव्हा खरी संख्या कमी. पण लाकडी स्लीपर काही वर्षांनी बदलावे लागत, म्हणून एकूण तोड त्याहून किती तरी जास्त.

१२/
स्लीपरइतका छळ लाकडाच्या दुसऱ्या कोणत्याही तुकड्याचा होत नसेल. वैशाखात वरून तापलेले रूळ, खाली तापलेली खडी. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातील पाणी ६ टक्क्यांच्या आसपास येते. आषाढात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की ते १७-१८ टक्क्यांकडे सरकते, आणि पावसात भिजणाऱ्या पृष्ठभागाचे तर विचारूच नये. पृष्ठभाग आक्रसतो तेव्हा आतला भाग अजून फुगलेला असतो. वरची कातडी फाटते. त्या चिरेत पाणी, पाण्यामागे बुरशी, बुरशीमागे वाळवी. रूळ जखडणाऱ्या खिळ्याभोवतीचे भोक सैल होते. खिळा सैल झाला की रूळ सरकतो, आणि मग प्रश्न प्रवाशांच्या जिवाचा असतो.

सालाचे लाकूड कणखर आणि टिकाऊ, पण सुकताना हमखास तडकणारे. त्याच्या टोकांत लोखंडी पट्ट्यांचे आकडे ठोकून त्याला एकत्र बांधून ठेवत. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावरची धाव उन्हाळ्यात सैल होते तेव्हा चाक पाण्यात भिजवून लाकूड फुगवतात. स्लीपरच्या बाबतीत हा उपाय शक्य नव्हता.

१३/
इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात लाकडाला औषध पाजण्याच्या पद्धती एकामागून एक निघाल्या. १८३२ मध्ये कायनने पाऱ्याचा क्षार वापरला, १८३८ मध्ये बर्नेटने जस्ताचा. त्याच १८३८ साली जॉन बेथेलने क्रिओसोटची पद्धत काढली : बंद लोखंडी टाकीत लाकूड ठेवायचे, हवा ओढून घ्यायची, मग दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल दाबाने आत घुसवायचे.

यात एक मर्म आहे. तेल नळ्यांच्या पोकळीत जाऊन बसते, भिंतीत शिरत नाही. त्यामुळे लाकूड फुगत नाही, आणि पुढे हवेतील ओलीची ये-जा मंदावल्याने चिराही कमी पडतात. पाण्यात विरघळवलेले क्षार मात्र पाण्याबरोबर भिंतीत जातात. महिनोन्महिने सुकवलेले लाकूड काही तासांत पुन्हा ओले होते, पुन्हा फुगते आणि पुन्हा सुकवावे लागते. त्या दुसऱ्या सुकवणीत नवी चीर पडली आणि ती औषध न पोहोचलेल्या गाभ्यापर्यंत गेली, तर सगळी मेहनत वाया. म्हणून कापणे, तासणे, भोके पाडणे हे सारे औषध पाजण्यापूर्वीच उरकावे लागते.

आणि दोन्ही पद्धतींना एक अट समान : लाकूड आधी सुकलेले हवे. पोकळी पाण्याने भरलेली असेल तर औषध शिरणार कोठे?

१४/
आता इतिहासातील एक विचित्र दृश्य पाहा. बाल्टिक किनाऱ्यावरचे पाइनचे लाकूड इंग्लंडात क्रिओसोट पाजून, जहाजात भरून भारतात येत होते. म्हणजे मऊ, लवकर कुजणारे लाकूडही उपचाराने टिकवता येते हे रेल्वे कंपन्यांना पक्के ठाऊक होते. त्याच काळात हिमालयात भागीरथीच्या खोऱ्यात फ्रेडरिक विल्सन, लोकांचा 'पहाडी विल्सन', शतकानुशतके वाढलेले देवदार तोडून नदीतून हरिद्वारकडे सोडत होता. देवदारांच्याच खाली, त्याच डोंगरउतारांवर चीड उभा होता. तोही पाइनच, आणि त्याचे लाकूड औषध सहज पिते. पण औषधाविना तो लवकर कुजतो, आणि भारतात मोठ्या प्रमाणावर उपचार करण्याची सोय कोणी उभी केली नाही. उभे जंगल जवळपास फुकट मिळत असताना कारखान्यावर खर्च कशाला?

साग, साल, देवदार ही तीन नावे 'उपयुक्त' ठरली आणि बाकीची शेकडो झाडे 'जंगली लाकूड'. ही विभागणी निसर्गाने केलेली नव्हती. सुकवण्याची आणि उपचाराची तसदी न घेता जे लाकूड टिकते ते उपयुक्त, एवढाच तिचा अर्थ होता.

१५/
१८६४ मध्ये ब्रांडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ चा वनकायदा, मग १८७८ चा अधिक कडक कायदा. त्या तीन-चार जातींच्या लाकडासाठी प्रचंड जंगल सरकारी राखीव झाले आणि चराई, सरपण, पाने-फुले यांवरचा गावांचा हक्क सवलतीच्या दर्जाला आला. म. फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर जो संताप व्यक्त केला आहे, त्याच्या मुळाशी हेच आहे. पूर्वी गावाशेजारच्या रानावर गुरे जगत. ते रान खात्याच्या घशात गेले. असूड वाचताना या संतापामागे रुळांखालच्या लाकडाची भूकही आहे हे ध्यानात ठेवावे.

१६/
ज्ञान आले, पण फार उशिरा. १९०६ मध्ये डेहराडून येथे वन संशोधन संस्था स्थापन झाली. कोणते भारतीय लाकूड किती आक्रसते, कोणते कसे सुकवावे, कोणते औषध पिते, याच्या पद्धतशीर चाचण्या तेथे झाल्या. साग आणि साल यांचा गाभा औषध जवळपास घेतच नाही, कारण त्याच्या नळ्या बुजलेल्या असतात. बाहेरचे फिकट रसकाष्ठ तेवढे घेते. आजवर हिणवलेली अनेक लाकडे मात्र उपचाराला उत्तम प्रतिसाद देतात. १९२० च्या दशकात पंजाबात बियास नदीजवळ ढिलवाँ येथे रेल्वेचा क्रिओसोटचा कारखाना उभा राहिला. चिडाचे स्लीपर आता नियमितपणे रुळांखाली जाऊ लागले. तोवर पहिल्या स्लीपरला सत्तर वर्षे होऊन गेली होती.

१७/
याच डेहराडूनच्या संस्थेत सोंटी कामेशम काम करत होते. त्यांच्यासमोरचा पेच खास भारतीय होता. क्रिओसोट महाग, काळे, वासाचे. पाण्यात विरघळणारे क्षार स्वस्त आणि स्वच्छ, पण एक-दोन पावसाळ्यांत ते धुऊन जात. ज्या पाण्याने औषध आत नेले, तेच ते बाहेर काढी.

कामेशम यांनी तांबे, आर्सेनिक आणि क्रोमियम यांची संयुगे एकत्र आणली. द्रावण पाण्यासारखे आत शिरते. आत गेल्यावर लाकडाशी प्रक्रिया होऊन क्रोमियमचे रूप बदलते, आणि तांबे व आर्सेनिक भिंतींशी अशी जखडली जातात की पुढे पाण्यात सहजी विरघळत नाहीत. तांबे बुरशी रोखते, आर्सेनिक वाळवी. १९३३ मधला हा शोध. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून नाव पडले 'अस्क्यू'. १९३८ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड टिकवण्यासाठी जगात सर्वाधिक वापरले गेलेले औषध हेच : तारांचे खांब, कुंपणे, घराबाहेरचे ओटे, बागांमधले झोपाळे. ते वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचा जन्म डेहराडूनचा हे माहीत असेल. आपल्याकडच्या विज्ञानाच्या पुस्तकांतही कामेशम यांचे नाव शोधावे लागते.

१८/
एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. 'ट्रीटमेंट केलेले लाकूड' म्हणजे न हलणारे लाकूड, असे अनेकांना वाटते. क्षारांचा उपचार कुजणे थांबवतो. आक्रसणे आणि फुगणे जवळपास पूर्वीइतकेच राहते. औषध पाजलेली फळी ओली असतानाच ठोकली तर काही आठवड्यांत फटी दिसू लागतात. वाडियांच्या कारागिरांनी सांध्यात ठेवलेली जागा रसायनाने अनावश्यक केली नाही.

१९/
पुढे काँक्रीटचे स्लीपर आले आणि लाकडी स्लीपर मुख्य मार्गांवरून हटत गेले. अस्क्यूच्या वंशजांवरही आर्सेनिकमुळे प्रश्न उभे राहिले. मुलांच्या खेळण्याच्या जागांतील लाकडातून ते थोडे थोडे सुटते आणि हातांवाटे तोंडात जाऊ शकते, अशी चिंता व्यक्त झाली. २००३ च्या अखेरीस अमेरिकेतील उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते लाकूड बनवणे थांबवले, आणि युरोपातही निर्बंध आले. त्याआधी बसवलेले लाकूड अनेक ठिकाणी अजून उभे आहे आणि कुजलेले नाही. ते काढायची वेळ येते तेव्हा जाळता येत नाही, कारण आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. जुन्या क्रिओसोटच्या स्लीपरांचेही तसेच. लिलावातून आलेले असे काळपट, डांबराच्या वासाचे तुकडे कोठे दिसले, तर ते चुलीत घालू नयेत.